पाचोऱ्याच्या पोरांसाठी: क्लब काढण्याआधी बेल व्ह्यूची गोष्ट

भाऊ, तू लिहिलंस की पाचोऱ्याजवळ तुम्ही सात-आठ पोरांनी गाड्या पळवायला मुरमाचा गोल ट्रॅक केलाय, आता क्लब नोंदवायचाय. परदेशातले स्पीडवे क्लब नव्वद-शंभर वर्षं कसे टिकतात, हेही विचारलंस. आमचा क्लब चारच हंगाम चालला, त्यामुळे हा प्रश्न मलाही कित्येक वर्षं छळतोय. जरा सविस्तर सांगतो.

स्पीडवे म्हणजे चार मोटारसायकली, लंबगोल मातीचा ट्रॅक, डावीकडे वळत चार फेऱ्या. साधारण मिनिटभरात निकाल. ५०० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, इंधन मिथेनॉल, एकच गिअर आणि ब्रेक नाहीच. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डावा पाय जमिनीवर टेकवत गाडी फिरवायची. म्हणून त्या बुटाला पोलादी तळ असतो. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १.

या खेळाचा जन्म बहुतेक जण १५ डिसेंबर १९२३ पासून मोजतात. ऑस्ट्रेलियात वेस्ट मेटलँड गावी कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर, विजेच्या दिव्यांखाली, जॉनी हॉस्किन्सने मोटारसायकली पळवल्या. हा हॉस्किन्स त्या शेतकी संस्थेचा सचिव होता. आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पळतात, तसंच ते गावच्या मेळ्यातलं आकर्षण होतं. १९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळ हाय बीचला शर्यत झाली. तिथे इतके लोक लोटले की त्याच वर्षी इंग्लंडभर ट्रॅक निघाले.

त्यातला मँचेस्टरचा बेल व्ह्यू क्लब तू नीट समजून घे. मँचेस्टरशी आपलं नातं जुनंच. खान्देशी कापसाच्या गाठी ज्या बाजारासाठी जायच्या, त्या गिरण्यांचं हे शहर. १९२८ मध्ये तिथल्या कुत्र्यांच्या शर्यतीच्या स्टेडियमवर स्पीडवे सुरू झालं. पुढच्याच वर्षी क्लब शेजारच्या हाइड रोडवर गेला. हे मैदान बेल व्ह्यूच्या प्राणिसंग्रहालयाला आणि बागेला लागून होतं, म्हणजे बायकापोरांसह सगळं घर तिथे यायचं. १९३३ ते १९३६ अशी सलग चार वर्षं त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली. पण मला जास्त मोठी वाटते ती पुढची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात जवळपास सगळे ट्रॅक बंद पडले, तरी बेल व्ह्यूने शर्यती चालू ठेवल्या. माणसांची सवय मोडू दिली नाही. युद्धानंतर इतरांना जे पुन्हा उभं करावं लागलं, ते यांच्याकडे शाबूत होतं.

त्यांचा पीटर क्रेव्हन १९५५ आणि १९६२ चा जगज्जेता. लहान चणीचा, तोल विलक्षण. सप्टेंबर १९६३ मध्ये एडिनबरोला पुढे पडलेल्या स्वाराला वाचवायला त्याने गाडी वळवली, कुंपणावर आदळला आणि काही दिवसांनी गेला. त्याच्या नावाची शर्यत क्लब आजही आठवणीने घेतो.

मग १९८७ मध्ये हाइड रोड विकलं गेलं, मोटारींच्या लिलावाचा धंदा करणाऱ्यांना. क्लब जिंकत होता की हरत होता याचा तिथे काही संबंध नव्हता, जागा गेली. पुढच्या वर्षी ते साठ वर्षांपूर्वी जिथून निघाले त्याच कुत्र्यांच्या स्टेडियमवर परत आले. खास स्पीडवेसाठी बांधलेलं नवं स्टेडियम २०१६ मध्ये मिळालं. कोट्यवधींचा खर्च, खच्चून गर्दी, आणि उद्घाटनाचीच शर्यत रद्द झाली, कारण स्वारांना ट्रॅकची माती सुरक्षित वाटली नाही. ती माती पुन्हा तयार करावी लागली. २०२२ मध्ये त्याच मैदानावरून त्यांनी लीग जिंकली.

आता आमचं. नव्वदच्या दशकात गिरणाकाठच्या एका पडीक तुकड्यावर आम्ही यझदी, राजदूत आणि दोन आरएक्स १०० पळवायचो. पहिल्या वर्षी काळ्या जमिनीवर नुसता रोलर फिरवला. पाणी जास्त झालं की चिखल मडगार्डमध्ये बसून चाक जाम, वाळलं की धुरळ्यात पुढची गाडी दिसेना, आणि फाल्गुनात हाताएवढ्या भेगा. शेजारच्या मळ्यातले बाबा रोज बांधावर येऊन विचारायचे, "काय करी राह्यनात रे?" त्यांनीच टेकडीवरचा मुरूम टाकायला सांगितलं आणि बैलगाडी दिली. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ट्रॅक असा बसला होता की डोळे मिटून वळण घ्यावं. आणि तेव्हाच मालकाच्या घरात वाटण्या झाल्या, प्लॉट पडले. आमच्याकडे कागदाचा एक चिटोराही नव्हता. गाड्या होत्या, पोरं होती, बघायला येणारी माणसं होती. मैदान गेलं आणि दोन महिन्यांत सगळे पांगले. आजही त्या कॉलनीतून जाताना दुसरं वळण कुठे होतं ते मला बरोबर कळतं.

म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी कराच, पण त्याआधी सातबारा बघा. कोणाकोणाची नावं आहेत, सगळ्यांच्या सह्या घेऊन निदान दहा वर्षांचा भाडेपट्टा नोंदवून घ्या. शर्यत जाहीर भरवायची तर मोटारस्पोर्टच्या राष्ट्रीय महासंघाची परवानगी लागते. तारखा ठरवून टाका. कार्तिक ते माघ, महिन्यातून एकदा, चारच गाड्या आल्या तरी. आणि मनगटाला बांधायची इंजिन बंद करणारी दोरी पहिल्या दिवसापासून सक्तीची करा. पडलेल्या माणसामागे चालू गाडी फिरत राहिली की काय होतं, ते मी एकदा पाहिलंय, पुन्हा बघायचं नाही.

मुरुमाचं मात्र लिहून समजणार नाही. आदल्या संध्याकाळी टँकरने पाणी मार, सकाळी मूठभर माती दाबून बघ. गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचला तर फुटला पाहिजे. नाही फुटला तर काळी माती मिसळली गेलीय, तो थर काढावा लागेल. दिवाळीनंतर मी भुसावळहून पॅसेंजरने येतो. तोवर ग्रामपंचायतीचा रोलर मिळतो का, तेवढं विचारून ठेव.