टेक ऑफ: टोपी उतरते, विमान चढतं

प्रश्न असा आहे: ‘विमान धावपट्टी सोडून वर गेलं की टेक ऑफ. देवळाबाहेर चपला काढायला सांगणाऱ्या इंग्रजी पाटीवरही टेक ऑफ. एक वर जातंय, दुसरं उतरतंय. मग शब्द एकच कसा?’

हा प्रश्न मराठी माणसालाच पडावा असा आहे. आपण अंगात कोट चढवतो आणि उतरवतो, पारा चढतो आणि उतरतो, माणूस गाडीत चढतो आणि गाडीतून उतरतो. आपली नजर वर-खाली फिरते. इंग्रजीतल्या ‘ऑफ’ला दिशेचं काही पडलेलं नाही. टेकलेलं सुटलं का, एवढंच तो बघतो. पायातली चप्पल सुटली, डोक्यावरची टोपी सुटली, जमिनीवरची चाकं सुटली, सगळीकडे ऑफ. हा ऑफ आणि ‘चा-ची-चे’वाला ‘ऑव्ह’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार. जोर देऊन म्हटलेलं रूप वेगळं पडत गेलं आणि सतराव्या शतकाच्या सुमारास दोघांची पक्की वाटणी झाली. मूळ अर्थ ‘-पासून दूर’.

विमानाने हा शब्द घेतला तो उडी मारणाऱ्यांकडून. लांब उडीत ज्या फळीवर शेवटचं पाऊल टाकून झेपावतात, तिला आजही टेक ऑफ बोर्डच म्हणतात. पुढे धंदा जोरात चालू लागला तरी टेक ऑफ. रोस्टो या अर्थतज्ज्ञाने 1960 सालच्या पुस्तकात देशांच्या आर्थिक वाढीच्या पाच पायऱ्या सांगितल्या, त्यातल्या तिसरीचं नावही हेच. एखादा कोणाला न सांगता सटकला, मराठी कॉलेजच्या भाषेत त्याने कल्टी मारली, तर तोही टेक ऑफ. बिलातून शंभर रुपये कमी केले, तेही. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये तर राजाच्या खुनाला ‘टेकिंग ऑफ’ म्हटलंय, पण तो अर्थ आता कोणी वापरत नाही.

सुट्टीचं थोडं निराळं आहे. शुक्रवारी सुट्टी घेणं म्हणजे ‘टेक फ्रायडे ऑफ’. शुक्रवार ‘टेक’ आणि ‘ऑफ’च्या मधे बसतो, त्याला सहसा ऑफच्या पुढे ढकलत नाहीत. कोट मात्र मधेही चालतो आणि शेवटीही. पण कोटाऐवजी नुसतं ‘इट’ म्हटलं की ते मधेच हवं: ‘टेक इट ऑफ’. ‘टेक ऑफ इट’ म्हणालात तर चूक. आपण मराठीत या जोडीतला ऑफ तेवढा उचलून त्याचं नाम केलं. ‘उद्या ऑफ घेतलाय’, ‘माझा मंगळवारी वीकली ऑफ असतो’. आणि ‘मूड ऑफ झाला’ ही तर आपली इकडची कारागिरी, लंडनमध्ये म्हणून पाहा, समोरचा क्षणभर थबकेल.

मला सगळ्यात गंमत वाटते ती नकलेच्या अर्थाची. कोणाच्या चालण्या-बोलण्याची हुबेहूब नक्कल करणं म्हणजेही त्याला टेक ऑफ करणं. डॉ. जॉन्सनने 1755 साली आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत अशा जोडक्रियापदांची यादी दिली आणि परक्यांना सर्वांत जास्त अडचण यांचीच होते अशी कबुलीही दिली. त्या यादीत टेक ऑफचा अर्थ एकच दिलाय: नक्कल करणे. विमानाला अजून दीडशे वर्षं अवकाश होता. आता हे मराठीशी ताडून पाहा. फळ्यावरचं आपण वहीत ‘उतरवून’ घेतो. तलाठ्याकडून सातबाराचा ‘उतारा’ आणतो. चित्रात आजोबा हुबेहूब ‘उतरले’ म्हणतो. मुळातून काहीतरी सोडवून दुसरीकडे ठेवायचं, ही कल्पना दोन्हीकडे आहे. एरवी वर-खालीवरून वेगळ्या वाटांनी गेलेल्या भाषा इथे एकमेकींना भेटतात.

तरी इंग्रजीला नावं ठेवण्याआधी आपला ‘काढणे’ आठवावा. ‘शर्ट काढ’ म्हणजे अंगातला की कपाटातला? इंग्रजीला तिथे ऑफ आणि आउट असे दोन वेगळे शब्द लागतात. आपण संदर्भावर भागवतो. धार काढतात, कर्ज काढतात, रांगोळी काढतात, कुरापत काढतात, दिवस काढतात. ‘त्याने दुकान काढलं’ म्हणजे सुरू केलं, पण ‘त्याला दुकानातून काढलं’ म्हणजे हाकललं. फरक केला तो ‘-तून’ने, म्हणजे इंग्रजीत ऑफ-आउट जे काम करतात तेच आपल्याकडे बऱ्याचदा असे प्रत्यय करतात.

‘नाव काढणे’ घ्या. यादीतून नाव काढलं. पोरीने घराण्याचं नाव काढलं. आणि आजी ज्याच्यावर चिडलेली असायची त्याच्याबद्दल म्हणायची, ‘माझ्यासमोर त्या मेल्याचं नाव काढू नका.’