शंका-समाधान : जो, जी, जे

‘जे गावे टंचाईग्रस्त आहेत ते यादीत घ्यावेत’ असे अर्जात लिहिले. मुलीने ‘जी गावे... ती’ केले. ‘जी’ तर स्त्रीलिंगी ना? (एक वाचक, जिंतूर)

मुलीचे बरोबर आहे, आणि शेवटी ‘घ्यावीत’ हवे. ‘जी’ दोन ठिकाणी येते : स्त्रीलिंगी एकवचनात (जी विहीर) आणि नपुंसकलिंगी अनेकवचनात (जी गावे). ‘जे’सुद्धा असेच दुहेरी : जे गाव, जे शेतकरी. ‘ज्या’ मात्र स्त्रीलिंगी अनेकवचनात (ज्या विहिरी). आपल्याकडे ‘ते लेकरं’, ‘ते गावं’ सर्रास म्हणतात, म्हणून ‘जे गावे’ कानाला खटकत नाही. बोलताना खुशाल म्हणा, अर्जात नको. अडलात तर नामाआधी ‘चांगला’ लावून लिहा : चांगली गावे, चांगले शेतकरी, चांगल्या विहिरी. शेवटचा स्वर जुळतो. अपवाद एकच, चांगला–जो.

मुले ‘जो मुलाला बक्षीस मिळाले तो’ असे लिहितात. कसे समजावू? (एक शिक्षिका, औसा)

लिंग-वचन नामावरून ठरते, विभक्ती मात्र ज्या-त्या वाक्यातल्या कामावरून. फळ्यावर ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ लिहा. माणूस एकच, पण ‘ज्याच्या’ षष्ठी आणि ‘तो’ प्रथमा. दोन्हींची विभक्ती सारखी असावी लागते, हा गैरसमज इथेच सुटतो.

मग वाक्य फोडून घ्या : ‘मुलाला बक्षीस मिळाले. मुलगा लातूरचा आहे.’ पहिल्यातल्या ‘मुलाला’आधी ‘ज्या’, दुसऱ्यातल्या ‘मुलगा’च्या जागी ‘तो’. नामाला प्रत्यय लागला की लिंग-वचन कोणतेही असो, आधी ‘ज्या’च येते : ज्या मुलाला, ज्या मुलीने, ज्या गावांत. नाम गाळले की रूपे वेगळी होतात : ज्याला, जिला, ज्यांना. ‘जी मुलीने’ चूक ती यामुळेच. ‘ज्यांनी’वरचा अनुस्वार तपासा, तो हमखास गळतो. आदरार्थी वचनातही घोळ होतो : ‘जी मॅडम गणित शिकवतात त्या’ नव्हे, ‘ज्या मॅडम... त्या’.

‘जायकवाडी धरण, जे की पैठणजवळ आहे, त्यातून पाणी सोडले’ : हे ‘जे की’ चालेल? (एक बातमीदार, नांदेड)

नको. हिंदीतल्या ‘जो कि’ची ती नक्कल आहे. ‘की’ काढून पाहा, अर्थात काही कमी होत नाही. खरे तर इथे ‘जे’चीही गरज नाही : ‘पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून पाणी सोडले.’ ‘जो पाहुणा काल आला तो’पेक्षा ‘काल आलेला पाहुणा’ही सुटसुटीत. पण ‘-लेला’ सगळीकडे घुसवू नका. ‘ज्याच्याकडून मी बियाणे घेतले तो दुकानदार’ याचे ‘मी बियाणे घेतलेला दुकानदार’ केले की ‘कडून’ हरवते आणि वाचणारा अडखळतो. तिथे जो-तोच ठेवा.