नट (Nutt) घराण्याची वंशावळ लावताय? मग आधी बायकांची माहेरं शोधा

अरे, पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) लोखंडवाल्यांची, म्हणजे लोखंडाच्या भट्ट्या चालवणाऱ्यांची, वंशावळ लावताना नुसत्या नावावर जाऊ नकोस, फसशील. हे नट घराणंच घे, काका सॅम्युअल नट, पुतण्याही सॅम्युअल नट, काकाची बायको अ‍ॅना ही थॉमस रटरची मुलगी आणि तिची सॅव्हेज आडनावाच्या पहिल्या नवऱ्यापासूनची लेक रिबेका, ती दिली त्या पुतण्याला, म्हणजे अ‍ॅना रिबेकाची आई पण आणि चुलत सासू पण! पुढे रिबेकाने दुसरं लग्न केलं रॉबर्ट ग्रेसशी, बेंजामिन फ्रँकलिनचा मित्र, फ्रँकलिनच्या शेगड्यांच्या लोखंडी प्लेटा वॉरिक फर्नेस या भट्टीत ओतायचा तोच. भट्ट्या अशा लग्नांतूनच घरात राहायच्या, त्यामुळे मृत्युपत्रं आधी वाच.

तारखा मात्र जपून. १७५२ च्या आधी क्वेकरांचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च, तेव्हा 'अकरावा महिना १७२०' दिसला की तो आपल्या हिशोबाने जानेवारी १७२१. मंथली मीटिंगची (क्वेकरांच्या स्थानिक मंडळीची) रेकॉर्ड्स स्वार्थमोर आणि हॅव्हरफर्ड कॉलेजात आहेत, त्यात लग्नाच्या कागदावरच्या साक्षीदारांच्या सह्या नीट बघ, अर्धं गणगोत तिथेच सापडतं. आणि नाव मधेच गायब झालं तर माणूस गेला असं लगेच धरू नकोस, क्वेकर नसलेल्याशी लग्न केलं म्हणूनही मीटिंगमधून काढून टाकायचे.