बॅकअप सुरू होताच सीरियल पोर्टवरील अक्षरे का गळतात?

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमधील लिनक्स संगणकाला एक मोजमाप यंत्र सीरियल पोर्टने जोडलेले आहे, वेग १,१५,२०० बॉड. नेटवर्कवरून बॅकअप सुरू झाला की नोंदींतील मधली अक्षरे गायब होतात. नेटवर्क कार्डाच्या सेटिंग्ज बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. दोन्ही केबल वेगळ्या असताना एकीचा त्रास दुसरीला कसा होतो?

उत्तर : केबल वेगळ्या असल्या, तरी दोन्ही उपकरणांचे इंटरप्ट (हातातले काम थांबवून आपल्याकडे पाहायला लावणारी हाक) बहुधा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे एकाच गणन-भागावर, येत असावेत. आपल्या वेगाला साधारण दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक अक्षर येते आणि सीरियल पोर्ट सांभाळणाऱ्या १६५५०ए प्रकारच्या चिपच्या फिफोमध्ये, म्हणजे आलेली अक्षरे क्रमाने थांबवून ठेवणाऱ्या छोट्या साठ्यात, १६ अक्षरेच मावतात. चौदावे अक्षर आल्यावर इंटरप्ट द्यायचा असे ठरलेले असेल, तर उरलेल्या दोन जागा भरायला जेमतेम १७५ मायक्रोसेकंद लागतात, आणि त्यानंतरही प्रोसेसर फिरकला नाही तर अक्षरे वाया जातात. उलट गिगाबिट जाळ्यावर पूर्ण आकाराची फ्रेम (माहितीचा एक गठ्ठा) दर १२ मायक्रोसेकंदांना येऊ शकते. कार्डाचा इंटरप्ट हाताळला जात असताना त्या कोअरवर इतर इंटरप्ट थांबून राहतात.

मात्र सेटिंग्जना हात लावण्यापूर्वी रोग तोच आहे ना, हे पाहावे. प्रॉक फोल्डरमधील टीटीवाय, ड्रायव्हर, सीरियल या वाटेने मिळणाऱ्या फाइलमध्ये आपल्या पोर्टच्या ओळीत 'ओई' हा, अक्षरे वाया गेल्याची मोजणी करणारा, आकडा असतो. बॅकअप चालू असताना तो वाढत असेल, तर फिफो ओसंडत आहे. वाढत नसेल, तर कार्डाला दोष देण्यात अर्थ नाही आणि नोंदी वाचणारा प्रोग्राम तपासावा.

आकडा वाढत असल्यास ईथटूल या नेटवर्क कार्डाच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या आज्ञेने 'आरएक्स-यूसेक्स' हे मूल्य (इंटरप्ट देण्यापूर्वी कार्डाने थांबायचे मायक्रोसेकंद) वाढवून पाहावे, म्हणजे कार्ड प्रत्येक फ्रेममागे हाक न मारता काही फ्रेम साठवून एकदाच इंटरप्ट देईल. हे मूल्य फार वाढवल्यास नेटवर्कचा प्रतिसाद मंदावतो, आणि काही कार्डांचे ड्रायव्हर ते बदलूच देत नाहीत. माझ्या मते त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही इंटरप्ट वेगवेगळ्या कोअरवर बांधणे. फक्त आयआरक्यूबॅलन्स ही इंटरप्ट आपोआप कोअरांत वाटणारी सेवा चालू असेल तर ती आपली मांडणी परस्पर बदलू शकते. फिफोने इंटरप्ट देण्याची मर्यादा १४ अक्षरांवरून ८ वर आणल्यास सवड ७०० मायक्रोसेकंदांपर्यंत जाते.

आरटीएस-सीटीएस फ्लो कंट्रोल (समोरच्या यंत्राला वेगळ्या तारेने 'थांब' असे कळवण्याची सोय) चालू करण्याचा सल्लाही हमखास मिळेल, पण साध्या १६५५०एमध्ये आरटीएसची तार ड्रायव्हर खाली आणतो, चिप स्वतः नव्हे. त्यामुळे प्रोसेसरच उशिरा पोहोचत असेल, तर त्या तारेचा येथे उपयोग नाही.