थिनरवर पीएच.डी. होते का?

साताऱ्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. गोडोलीत त्यांचं फर्निचर पॉलिशचं वर्कशॉप आहे. मुलगी एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला मटेरियल्स केमिस्ट्रीत पीएच.डी. करायची आहे. प्रोजेक्टमध्ये ती टोल्युईन आणि क्लोरोबेंझिन वापरते. ते लिहितात, ‘टोल्युईन आमच्या थिनरमध्येही असतं. थिनरमध्ये पावडर विरघळवायची, यात संशोधन कसलं? शिवाय यानं कॅन्सर होतो असं नातेवाईक म्हणतात. तिला पुढे शिकू द्यावं, की सरळ फार्मा कंपनीत नोकरी धरायला सांगावं?’

नमस्कार,

पावसाळ्यात पॉलिश पांढरं पडतं, तेव्हा तुम्ही काय करता? थिनर भरभर उडतो, लाकडाचा पृष्ठभाग गार होतो, हवेतलं दमट पाणी त्यावर बसतं आणि लॅकर धुरकट दिसतं. मग तुम्ही उशिरा उडणारा रिटार्डर मिसळता आणि थर काचेसारखा बसतो. तुमची मुलगी हाच प्रश्न सोडवते आहे, फक्त तिचा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो आणि त्यातून वीज काढायची असते.

सेंद्रिय सोलर सेलचं उदाहरण घ्या. वीज वाहणारा पॉलिमर क्लोरोफॉर्ममध्येही विरघळतो, पण क्लोरोफॉर्म 61 अंशाला उकळतं. थर काही सेकंदांत सुकतो आणि पॉलिमरच्या साखळ्या जिथल्या तिथे अडकतात. क्लोरोबेंझिन 131 अंशाला उकळतं, डायक्लोरोबेंझिन 180 ला. थर सावकाश सुकला, तर साखळ्यांना एकमेकींवर नीट रचून बसायला वेळ मिळतो. ‘पी3एचटी’ नावाच्या पॉलिमरचं द्रावण नारिंगी असतं. सावकाश सुकवलेला थर जांभळा होतो, तेव्हा रचना जमली हे डोळ्यांनाच कळतं. बेंझिनच्या कुळातलीच सॉल्व्हेंट्स (विरघळवणारे द्रव) यासाठी का, तर हे पॉलिमर आणि त्यांच्यासोबत थरात मिसळले जाणारे फुलरिनसारखे कार्बनचे गोळे स्वतः बेंझिनसारख्याच कड्यांचे बनलेले असतात. सी60 हे फुलरिन हेक्झेनच्या एका मिलिलिटरमध्ये 0.04 मिलिग्रॅम विरघळतं, टोल्युईनमध्ये सुमारे 2.8 आणि डायक्लोरोबेंझिनमध्ये जवळपास 27. म्हणजे बाटली बदलली की प्रयोगच बदलला.

आता याच्या अगदी उलट उपयोग. पेरोव्हस्काइट (विशिष्ट रचनेचे स्फटिक) वापरणाऱ्या सोलर सेलमध्ये टोल्युईन किंवा क्लोरोबेंझिन घेतात ते काही विरघळवण्यासाठी नाही. त्यात ते क्षार विरघळत नाहीत, म्हणूनच ते घ्यायचं! लेड आयोडाइड आणि मिथिलअमोनियम आयोडाइड डीएमएफ आणि डीएमएसओ या दोन सॉल्व्हेंट्सच्या मिश्रणात विरघळवून काचेवर टाकतात आणि स्पिन कोटरवर (काच गरागरा फिरवून पातळ थर पसरवणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला साधारण 4000 फेऱ्यांनी फिरवतात. फिरायला लागल्यापासून आठ-दहा सेकंदांनी वरून 100 ते 200 मायक्रोलिटर क्लोरोबेंझिन एका दमात सोडायचं. ते डीएमएफला ओढून नेतं, क्षारांना द्रावणात राहायला जागा उरत नाही आणि सगळीकडे एकाच वेळी बारीक स्फटिक सुरू होतात. मग 100 अंशांच्या हॉटप्लेटवर दहा मिनिटं. जमलं तर थर आरशासारखा गडद तपकिरी. दोन-चार सेकंद उशीर झाला तर राखाडी, धुरकट. थेंब मध्यभागी न पडता कडेला पडला तर वर्तुळं उमटतात. आणि सॉल्व्हेंटमध्ये पाणी असेल तर थराला सुईच्या टोकाएवढी छिद्रं, म्हणजे सेल शॉर्ट.

इथे नवखा विद्यार्थी हमखास अडकतो तो पिपेटपाशी. टोल्युईनची वाफ टिपमध्ये दाब वाढवते आणि काच फिरायच्या आधीच थेंब गळतो. त्यावर इलाज असा, की टिप दोन-तीनदा त्याच सॉल्व्हेंटनं भरून रिकामी करायची आणि मगच मोजायचं. पॉलिस्टायरीनची डबी किंवा पेट्री डिश वापरली तर ती थर्मोकोलसारखी विरघळते, वर द्रावणात प्लास्टिक मिसळतं ते वेगळंच. काचेची व्हायल आणि टेफ्लॉनच्या अस्तराचं झाकण, याला पर्याय नाही.

तिसरं काम संथ गतीचं. मेसिटिलीन (हेही बेंझिनच्याच कुळातलं) आणि डायॉक्झेन ही सॉल्व्हेंट्स समसमान घेऊन त्यात जाळीचे घटक बंद ट्यूबमध्ये 120 अंशांवर तीन दिवस ठेवतात आणि त्यातून सच्छिद्र स्फटिकी जाळी, म्हणजे सीओएफ, बनवतात. पुण्याच्या एनसीएलमधून (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) 2012 मध्ये आम्लात टिकणारे सीओएफ प्रसिद्ध झाले, त्यातही हीच जोडी होती. घटक मेसिटिलीनमध्ये नीट विरघळत नाहीत, हाच इथे फायदा. ते हळूहळू जोडले जातात आणि चुकलेला बंध सुटून पुन्हा लागायला अवधी मिळतो. घाई केली तर हाती नुसती मातकट पावडर. पुढची डोकेदुखी अशी, की मेसिटिलीन 165 अंशाला उकळतं आणि छिद्रांत चिकटून राहतं. ॲसिटोननं धुऊन व्हॅक्युममध्ये रात्रभर तापवलं नाही तर पृष्ठफळ कमी मोजलं जातं आणि विद्यार्थी महिनाभर दोष रासायनिक क्रियेत शोधत बसतो.

पीएच.डी.साठी लॅब बघायला जाल तेव्हा मुलीला एकच प्रश्न विचारायला सांगा: ‘टोल्युईन कोरडं कसं करता?’ चांगलं उत्तर असं: 3 अँगस्ट्रॉम छिद्रांचे मॉलेक्युलर सिव्ह (पाणी शोषणारे दाणे) 300 अंशांवर तापवून घेतो, 100 मिलिलिटरला 10 ग्रॅम टाकतो, किमान 24 तास ठेवतो, नंतर कार्ल फिशर यंत्रावर उरलेलं पाणी मोजतो. पाकिटातून काढून तसेच टाकलेले सिव्ह काही कामाचे नाहीत, ते आधीच हवेतलं पाणी पिऊन बसलेले असतात. काही ठिकाणी अजून सोडियम-बेंझोफिनोनवर टोल्युईन डिस्टिल करतात. निळा-जांभळा रंग आला की कोरडं झालं, अशी खूण. पद्धत जुनी आणि चालणारी आहे, पण उरलेलं सोडियम नष्ट करताना आगी लागतात. आणि क्लोरोबेंझिनमध्ये सोडियम कधीही टाकायचं नाही. क्लोरिनवाल्या सॉल्व्हेंटशी त्याचा स्फोट होऊ शकतो. हे ज्या लॅबमध्ये पहिल्या आठवड्यात सांगत नाहीत, तिथे फेलोशिप कितीही असो, जाऊ नये.

कॅन्सरचं. नातेवाईक बेंझिन आणि टोल्युईन एकच समजतात. बेंझिननं रक्ताचा कॅन्सर होतो हे सिद्ध आहे. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या यादीत ते पहिल्या गटात आहे. टोल्युईन त्या गटात नाही. म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. वाफेनं डोकं दुखतं, गरगरतं, वर्षानुवर्षं हुंगलं तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो आणि गर्भाला धोका असल्याचा संशय आहे. तिच्या कामात टोल्युईनपेक्षा डीएमएफ आणि लेड आयोडाइड यांना जास्त जपायला हवं, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगून ठेवतो. निळ्या नायट्राइल ग्लव्ह्जमधून टोल्युईन काही मिनिटांत आत जातं, तेव्हा शिंतोडा उडाला की ग्लव्ह बदलायचा. फ्यूम हूडची (वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटाची) काच खाली ओढलेली हवी. ती हूडमध्ये 200 मायक्रोलिटर हाताळते. तुम्ही बंद खोलीत लिटरनं फवारता. खरी काळजी कोणाची करायची ते बघा.

नोकरीचं म्हणाल, तर फार्मा आणि हे काम यांत भिंत नाही. औषधात उरलेल्या सॉल्व्हेंटची मर्यादा आयसीएचच्या (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) नियमावलीत दिलेली आहे: बेंझिन 2 पीपीएम (दहा लाखांत दोन भाग), क्लोरोबेंझिन 360, टोल्युईन 890. हेडस्पेस जीसीवर (नमुन्याची वाफ तपासणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रावर) हे मोजणारा माणूस कंपनीला लागतोच. एनएमआरमध्ये (रेणूची रचना ओळखण्याची चाचणी) 2.36 ला दिसणारी उंच रेघ आपल्या संयुगाची नसून टोल्युईनची आहे, हे ओळखता येणं ही जीसीखालोखाल उपयोगी पडणारी गोष्ट. तिनं प्रोजेक्टच्या याच वर्षात जीसी आणि एनएमआर स्वतःच्या हातानं चालवायला शिकावं, नुसतं सॅम्पल देऊन रिपोर्ट घेऊ नये.

पीएच.डी. करायचीच तर सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा, विषय केमिकल सायन्सेस. वर्षातून दोनदा असते. त्यातून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000, नंतर 42,000 आणि घरभाडं वेगळं. राज्याची सेट परीक्षा पास झाल्यानं प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, फेलोशिप नाही; आपल्याकडे यात फार गल्लत होते. जोडीला गेट द्यावी, तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ आहे, पुण्यात एनसीएल आणि आयसर ही विज्ञान संस्था. पण जागेपेक्षा गाइड आणि लॅब बघा. नेटला एक-दोन प्रयत्न लागतील असं धरून चाला, आणि तेवढा काळ ती कंपनीत जीसीवर बसली तर वाया जाणार नाही.

तुमच्या वर्कशॉपसाठी दोन गोष्टी. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून एक्झॉस्ट फॅन वर नव्हे, जमिनीलगत लावा. टोल्युईनसारखी सॉल्व्हेंट्स ओतताना स्थिर वीज साठते, म्हणून पत्र्याच्या ड्रममधून पत्र्याच्या डब्यात ओतताना दोन्ही तांब्याच्या वायरीनं जोडा आणि ड्रमला अर्थिंग द्या. ती वायर कशी लावायची हे मुलीला विचारा, तिला माहीत असेल.