लेझरच्या झोताने द्रावणातले रेणू पकडून एकत्र आणता येतात का?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक आहे, 1064 नॅनोमीटरचा लेझर मिळणार आहे, तर त्याने द्रावणातले रेणू पकडून जोडता येतील का आणि सुरुवात कशाने करावी.

येतात, पण एकेक रेणू चिमटीत धरून नाही. 1 वॅटचा झोत 0.9 एनएच्या ऑब्जेक्टिव्हमधून (नमुन्याजवळच्या भिंगातून; एनए म्हणजे ते भिंग उजेड किती रुंद कोनातून एकवटतं त्याचं माप) गेला की ठिपका साधारण दीड मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) होतो. एवढ्या प्रखर उजेडातही ग्लायसीनच्या (हे एक साधं अमिनो आम्ल) सुट्या रेणूवरची झोताची ओढ त्याच्या उष्णतेच्या धडपडीपुढे हजारो पटींनी तोकडी पडते. मात्र ही ओढ आकारमानासोबत वाढते. अर्ध्या नॅनोमीटरचा रेणू आणि 50 नॅनोमीटरचा पुंजका यांच्या व्यासात फरक 100 पट, पण ओढीत 10 लाख पट! म्हणून लेझर पकडतो ते अतिसंपृक्त (एरवी विरघळेल त्याहून जास्त पदार्थ असलेल्या) द्रावणात आपोआप होणारे-मोडणारे रेणूंचे पुंजके. 2007 साली जपानमध्ये सुगियामा आणि मासुहारा यांनी ग्लायसीनचा स्फटिक याच वाटेने मिळवला. तुम्हीही ग्लायसीनच घ्या.

साधं पाणी मात्र वापरू नका. ते 1064 नॅनोमीटरचा उजेड शोषतं आणि ठिपक्यापाशी वॅटमागे वीसेक अंशांनी तापतं. तापलं की विद्राव्यता वाढते आणि जमत आलेला पुंजका विरघळून जातो. जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या पाण्यात) हीच वाढ दोन-तीन अंशांची, म्हणून तेच घ्या. (अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखानाच आहे, तुम्हाला मात्र एनएमआर या रासायनिक तपासणीसाठी मिळतात तशा छोट्या कुप्या पुरतील.) कुपी उघडी ठेवू नका, जड पाणी हवेतली वाफ ओढून घेतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर फारच लवकर.

साध्या पाण्यात 25 अंशांना 100 ग्रॅमला साधारण 25 ग्रॅम ग्लायसीन विरघळतं. जड पाण्यातला आकडा स्वतः मोजा आणि त्याहून थोडं जास्त घ्या. 60 अंशांवर दोन-तीन तास हलवत ठेवा, गरम असतानाच 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मग सावकाश थंड होऊ द्या. धुळीचा एक कण राहिला तरी स्फटिक त्याच्यावरच धरतो.

15 मायक्रोलिटर द्रावण स्वच्छ कव्हरस्लिपवर (सूक्ष्मदर्शकाच्या पातळ काचेवर) 12 मिलिमीटर व्यासात पसरलं की थर सुमारे 130 मायक्रॉनचा होतो. काच तेलकट असेल तर थेंब गोल राहतो, पसरत नाही. वरून झाकण हवंच, पण द्रावणाला न टेकणारं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: झोत कुठे रोखायचा. थराच्या मध्यावर रोखलात तर सहसा काहीच होत नाही. तळाच्या काचेपाशी रोखलात तर दाट द्रवाचा थेंब जमतो. स्फटिक हवा असेल तर हवा आणि द्रावण भेटतात तो वरचा पृष्ठभाग गाठा. मिठागरातही मिठाची पहिली पापुद्री पाण्यावरच धरते. तिथे कारण बाष्पीभवनाचं असतं, इथे पृष्ठभागावरच्या रेणूंच्या मांडणीचं. थर आटत गेला की पृष्ठभाग खाली सरकतो, म्हणून फोकस सतत तपासत राहा.

त्याआधी मात्र 1 मायक्रॉनचे पॉलिस्टायरीनचे (एका प्लास्टिकचे) मणी पाण्यात घेऊन 50 मिलिवॅटवर पकडून बघा. मणी निसटत असेल तर ग्लायसीनला हात लावू नका. बहुतेक वेळा झोत ऑब्जेक्टिव्हचं मागचं भोक पूर्ण भरत नसतो. बीम एक्सपांडर (झोत रुंद करणारी भिंगांची जोडी) नीट लावा. दुसरा संशय बुरशीचा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत भिंगावर तिचं जाळं धरतं, उजेड विखुरतो आणि पकड ढिली होते. ऑब्जेक्टिव्ह सिलिका जेलच्या बंद डब्यातच ठेवा.

हा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि 1 वॅट डोळा कायमचा घालवायला पुरेसा आहे. 1064 साठीचाच चष्मा घाला, आयपीसमधून बघू नका, कॅमेऱ्यापुढे अवरक्त अडवणारा फिल्टर लावा.

स्फटिक दिसला की लगेच खूश होऊ नका. तसाच दुसरा थर लेझर बंद ठेवून तेवढाच वेळ झाकून ठेवा. त्यातही स्फटिक आला तर तो बाष्पीभवनाचा, उजेडाचा नाही.