वाचक विचारतात : 'मीथिंक्स' लिहू की नको?

प्रश्न : बाई, नमस्कार. कामानिमित्त मला रोज इंग्रजीत लिहावं लागतं. प्रत्येक वाक्य 'आय थिंक'ने सुरू झालं की माझं मलाच ते पोरकट वाटतं. म्हणून मी जुन्या पुस्तकांतली वळणं वापरायला लागलो : 'आय अ‍ॅम ऑफ द ओपिनियन', 'इट बिहोव्ज अस टू', 'आय बेग टू सबमिट', आणि अधूनमधून 'मीथिंक्स'. मला ती मनापासून आवडतात. पण बरोबरीची तरुण मंडळी म्हणतात, 'तुमची ईमेल विग घालून येते.' हे सगळं सोडून देऊ का?

उत्तर : सगळं सोडू नका. विगेचा शेरा मात्र झकास आहे. ज्यानं तो मारला त्याच्याशी मैत्री ठेवा, तुमचे कच्चे मसुदे वाचायला तोच योग्य माणूस.

तुम्ही 'आय थिंक'ला पर्याय म्हणून ही वळणं एकामागून एक वापरता, आणि गडबड तिथेच होते. त्यांची वजनं वेगवेगळी आहेत. 'आय शुड थिंक' म्हणजे अंदाज : खात्री नाही, पण बहुधा असंच असेल. 'आय अ‍ॅम इनक्लाइन्ड टू थिंक' म्हणणाऱ्याचं मत एका बाजूला झुकलंय, पण त्यानं दार लावून घेतलेलं नाही. समोरच्यानं मुद्दा मांडला तर तो ऐकेल. 'आय व्हेंचर टू सजेस्ट' हे अधिकारानं किंवा वयानं मोठ्या माणसापुढे तोंड उघडताना. 'आय सबमिट' वकिली आहे, त्याच्यामागे युक्तिवाद यावा लागतो, नुसतं मत पुरत नाही. 'आय डेअर से' यात डेअर असलं तरी धाडस औषधालाही नाही; 'असेलही बुवा' इतकाच त्याचा अर्थ, आणि सूर जरा वाकडा लागला तर 'असेल, मला काय त्याचं' असाही होतो. 'डेअर आय से' ही उलटापालट मात्र वेगळी : पुढे काहीतरी झोंबणारं येतंय याची आगाऊ सूचना. अनेक जण या दोघांची सरमिसळ करतात.

या सगळ्यांत सर्वांत लांबलचक आणि सर्वांत निकामी म्हणजे तुमचं लाडकं 'आय अ‍ॅम ऑफ द ओपिनियन'. 'आय थिंक'पेक्षा ते अक्षरानंही जास्त सांगत नाही. डॉक्टर, सल्लागार, न्यायाधीश यांच्या मताला पदाचं वजन असतं, त्यांना ते शोभतं. आपण कॅन्टीनच्या वेळेबद्दल लिहीत असलो तर नाही.

'बिहोव्ज'बद्दलही सांगते. हे क्रियापद फक्त 'इट'बरोबर चालतं. 'वी बिहोव्ह' असं होत नाही. त्यात कर्तव्याचा, शोभण्याचा भाव आहे. चुकीबद्दल माफी मागणं, दिलेला शब्द पाळणं अशा ठिकाणी ते भारदस्त दिसतं. तुम्ही सोबत जोडलेल्या नमुन्यात मात्र असं वाक्य आहे : 'आय अ‍ॅम ऑफ द कन्सिडर्ड ओपिनियन दॅट इट बिहोव्ज अस टू गिव्ह कन्सिडरेशन टू द पोस्टपोनमेंट ऑफ द मीटिंग.' अहो, बैठक पुढे ढकलायची आहे, राज्यत्याग करायचा नाहीये! 'वी शुड पोस्टपोन द मीटिंग' एवढं पुरे. त्यात 'आय थिंक'सुद्धा नको. खाली तुमचं नाव आहे, म्हणजे मत तुमचंच. वाचणारा ते दुसऱ्या कुणाच्या खात्यावर टाकणार नाही. पोरकटपणाचा तुमचा प्रश्न बहुतेक वेळा असाच सुटेल, 'आय थिंक' नुसतं खोडून.

आता 'मीथिंक्स'. यावर माझा जीव आहे, म्हणून जरा लांबण लावते. याचा 'थिंक'शी थेट संबंध नाही. जुन्या इंग्रजीत दोन जवळजवळ सारखी क्रियापदं होती, एक विचार करण्याचं आणि एक भासण्याचं. 'मीथिंक्स' दुसऱ्यातून आलं. त्यातला 'मी' हा कर्ता नव्हे, तो चतुर्थीतला 'मला' आहे. म्हणजे 'मी विचार करतो' असं नसून सरळ सरळ 'मला वाटतं'. आपण मराठीत दिवसभर जी रचना करतो, तीच इंग्रजीनं एकेकाळी केली आणि पुढे टाकून दिली. म्हणूनच 'आय मीथिंक्स' चूक, आणि 'मीथिंक दॅट आय' वगैरे तर कानाला हातच लावावा.

लोकांना हा शब्द बहुतेक 'हॅम्लेट'मधून भेटतो. तिसऱ्या अंकात राणी गर्ट्रूड नाटकातलं नाटक बघताना म्हणते, 'द लेडी डथ प्रोटेस्ट टू मच, मीथिंक्स.' आज हे वाक्य 'फारच नाकारतेय, म्हणजे नक्की पाणी मुरतंय' अशा अर्थानं फेकलं जातं. पण तेव्हा 'प्रोटेस्ट' म्हणजे ठासून, शपथेवर सांगणं. राणीचं म्हणणं इतकंच की ही बाई आणाभाका जरा जास्तच घेतेय. आजच्या इंग्रजीत 'मीथिंक्स' फक्त थट्टेनं येतं. मित्राला लिहा, खुशाल लिहा. अहवालात लिहिलंत तर वाचणारा आधी तुमच्याकडे बघेल, मुद्द्याकडे नंतर.

जुन्या शब्दांच्या या हौसेला इंग्रजीत एक कुचकट नावही आहे : वॉर्डर स्ट्रीट इंग्लिश. लंडनच्या या रस्त्यावर एकेकाळी जुनं आणि जुन्यासारखं बनवलेलं फर्निचर विकलं जाई. विल्यम मॉरिस या इंग्रज कवीनं 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्याचं भाषांतर मुद्दाम पुराण्या शब्दांत केलं, तेव्हा 1888 साली एका टीकाकारानं ते या फर्निचरच्या पंगतीला बसवलं. पुढे फाउलर या भाषातज्ज्ञानं इंग्रजी कशी वापरावी यावरच्या आपल्या 1926च्या प्रसिद्ध कोशात हे नाव उचललं. टीकेचा रोख जुन्यावर नव्हता, जुन्यासारख्या दिसणाऱ्यावर होता. तुमच्या पत्रात 'बिहोव्ज'च्या शेजारी 'एएसएपी' (लवकरात लवकर) आलंय, ते बघून मला हाच रस्ता आठवला.

मग जुनी वळणं ठेवायची कुठे? जिथे रीत पाळल्यानं काहीतरी साधतं तिथे. इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सनचं लॉर्ड चेस्टरफील्डला लिहिलेलं फेब्रुवारी 1755चं पत्र बघा. शब्दकोशाच्या कामात या आश्रयदात्यानं वर्षानुवर्षं ढुंकून पाहिलं नाही, आणि कोश प्रसिद्ध व्हायच्या बेतात असताना कौतुकाचे लेख लिहिले. जॉन्सननं विचारलं, माणूस पाण्यात जिवाच्या आकांतानं झगडत असताना जो निर्विकारपणे बघत राहतो आणि तो काठाला लागल्यावर मदतीची अडचण करतो, त्यालाच आश्रयदाता म्हणायचं ना? आणि खाली रीतसर, 'मोस्ट हम्बल, मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'. शाळेच्या रजेच्या अर्जातला आपला 'आज्ञाधारक' याचाच भाऊबंद. त्या नम्रतेमुळे वरचा फटका जास्त लागतो.

चर्चिलनं तर याच वळणानं युद्ध जाहीर केलं. 8 डिसेंबर 1941ला जपानच्या राजदूताला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी 'आय हॅव द ऑनर टू बी, विथ हाय कन्सिडरेशन, सर, युअर ओबीडियंट सर्व्हंट' असं आहे. काहींना ते रुचलं नाही. त्यावर चर्चिलचं नंतरचं म्हणणं असं, की माणसाला मारायचंच असेल तर सभ्यपणे वागायला पैसे पडत नाहीत.

गंमत म्हणजे याच चर्चिलनं त्याआधी, 9 ऑगस्ट 1940ला, लांबलचक सरकारी टिपणांविरुद्ध एक टिपण काढलं होतं. 'इट इज ऑल्सो ऑफ इम्पॉर्टन्स टू बेअर इन माइंड द फॉलोइंग कन्सिडरेशन्स' असली वाक्यं बंद करा, हा नुसता भरणा आहे, गाळून टाका किंवा एका शब्दात सांगा, असा त्याचा आशय. मला यात विसंगती दिसत नाही. राजदूताला लिहिताना ठरलेली रीत अंतर राखत होती. टिपणातली वाक्यं फक्त वाचणाऱ्याचा वेळ खात होती, आणि बाहेर बॉम्ब पडायची वेळ आली होती.

'आय बेग टू डिफर' म्हणूनच जवळ ठेवा. मतभेद उघड सांगायचा आणि माणूस दुखवायचा नाही, यासाठी त्याच्याइतकं आटोपशीर काही नाही. 'आय बेग टू सबमिट' टाका. सुट्टीचा तक्ता सादर करायला कुणाची याचना करावी लागत नाही. 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट' जपून वापरा. इंग्रज माणूस ते ऐकतो तेव्हा पुढे आदर येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

प्रश्न : माझ्या गुरूंच्या सत्काराला इंग्रजीत मानपत्र लिहायचं आहे. 'यू'ऐवजी 'दाउ' आणि 'दाय' लिहिलं तर जास्त आदर दिसेल ना?

उत्तर : उलट होईल. 'दाउ' म्हणजे तू. मोठ्यांसाठी, परक्यांसाठी 'यू' होतं, म्हणजे आपलं तुम्ही. 1603 साली सर वॉल्टर रॅली या इंग्रज दरबारी आणि दर्यावर्दी माणसावर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक त्याच्यावर ओरडला, 'आय दाउ दी, दाउ ट्रेटर!' मी तुला अरेतुरे करतो, द्रोह्या! पुढे त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक न्यायाधीशासकट सगळ्यांना 'दाउ' म्हणू लागले, कारण देवापुढे सगळे सारखे. त्याचा केवढा राग लोकांना आला.

तुमचा समज प्रार्थनेमुळे झाला असावा. 1611च्या बायबलात देवालाही 'दाउ' आहे, कारण मूळ भाषांतलं एकवचन त्यांनी तसंच ठेवलं. बोलण्यातून शब्द गेला, प्रार्थनेत उरला, आणि म्हणून तो आज पवित्र वाटतो. आपणही विठोबाला तूच म्हणतो, पण सत्काराच्या मंचावर सरांना नाही. 'यू' लिहा.

प्रश्न : जुन्या व्यापारी पत्रात 'युअर लेटर ऑफ द फिफ्थ इन्स्ट.' असं आहे. हे 'इन्स्टंट' म्हणजे ताबडतोब का?

उत्तर : नाही, चालू महिना. 'अल्ट.' असेल तर मागचा, 'प्रॉक्स.' असेल तर पुढचा. पत्राच्या डोक्यावरची तारीख बघून हिशेब करा. स्वतः लिहिताना महिन्याचं नाव घाला.